नवरदेव किती वेळा मेला

विहिरीतून प्रेत वर आलं आणि माझ्या हातातला रिमोट खाली पडला.

दोरखंडाला बांधलेलं प्रेत. मिशीतून पाणी ठिबकतंय. काठावर इन्स्पेक्टर रणदिवे गॉगल काढून उभे. “चहा गार झाला तरी चालेल,” ते हवालदाराला म्हणाले, “पुरावा गार होता कामा नये.”

सोफ्यावर आक्का पदराचं टोक डोळ्यांना लावून मुसमुसत होत्या. “बिचारा मास्तर! पोरांना पाढे शिकवायचा रे... आणि ढकलला की ह्या मेल्यांनी विहिरीत. कुणाचा गं हा लेक?”

कुणाचा ते मला माहीत होतं. गेल्याच रविवारी हे प्रेत आमच्या त्याच सोफ्यावर बसून दोनदा पोहे खाऊन गेलं होतं.

हे सगळं झालं तेव्हा मी सहावीत होते. आता दहावीत आहे, आणि माझं तोंड बंद व्हावं म्हणून बाबांनी गणपतीला नारळ बोललाय. पण तेव्हाची मी वेगळी होते. हजेरीला ‘उपस्थित बाई’ एवढंसुद्धा माझ्या तोंडातून फुटायचं नाही. बाई बाकाकडे बघायच्या, मी दिसले की खूण करायच्या. घरी पाहुणे आले की मी पाण्याचा तांब्या ठेवायचे आणि पडद्याआड गुडूप. त्यामुळं मी प्रेत ओळखलं, पण बोलले काहीच नाही. रिमोट उचलला फक्त.

आक्का म्हणजे बाबांच्या थोरल्या बहीण, निपाणीच्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि विश्रांतीसाठी त्या आमच्याकडं, गडहिंग्लजला, आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, एका जागी बसा. आता आक्कांना एका जागी बस म्हणणं म्हणजे उकळत्या दुधाला थांब म्हणणं. पहिल्याच दिवशी त्या काठी टेकत स्वयंपाकघरात जाऊन आईच्या आमटीत गूळ टाकून आल्या. मग बाबा घाबरून कोल्हापूरला गेले आणि ‘दार उघडा, पोलीस!’ या मालिकेच्या अख्ख्या पहिल्या पर्वाचा डीव्हीडीचा खोका घेऊन आले. खोक्यावर रणदिवे भिंगातून आपल्याकडंच बघताहेत असं चित्र होतं.

ही मालिका टीव्हीवर लागायची नेमकी आमच्या लोडशेडिंगच्या वेळेला. सुरुवात दिसायची, खून व्हायचा आणि लाइट जायची. आमच्या गावानं या मालिकेतले सगळे खून बघितले होते, खुनी एकही बघितला नव्हता. म्हणून तो खोका आला तेव्हा शेजारच्या पोवारकाकू त्याला नुसता हात लावून गेल्या.

डिस्क बदलायचं काम माझं. आक्कांना रिमोटची भीती होती. “करंट मारतंय ते,” म्हणायच्या.

मास्तरांचं प्रेत झाकल्यावर मी हळूच उठून स्वयंपाकघरात गेले. अस्मीआत्या भाकऱ्या करत होती. अस्मीआत्या म्हणजे बाबांची सगळ्यांत धाकटी बहीण. दूध संघात कॉम्प्युटरवर बसायची. माझी आजी लवकर वारली, तेव्हा ही चालायलाही लागली नव्हती. आक्कांनीच हिला वाढवली. त्यामुळं हिच्या लग्नात आक्का म्हणतील ती पूर्व.

मी आत्याच्या कानात म्हणाले, “टीव्हीत ते आलेत.”

“कोण ते?”

“पोहेवाले.”

आत्यानं पिठाच्या हातानं माझं तोंडच दाबलं. “आक्कानं ओळखलं?”

मी मान हलवली. नाही म्हणून. आक्कांनी त्यांना प्रत्यक्ष पाहिलंच नव्हतं ना. ते लोक आले त्या रविवारी आक्का दवाखान्यात होत्या. मुलाचा फोटो आणि माहितीचा कागद पाकिटात घालून त्यांच्या उशीखाली ठेवला होता. पण मध्ये अमावास्या होती. अमावास्या सरल्याशिवाय त्या मुलाचं तोंड बघणार नव्हत्या. तोंड बघितल्यावर होकार की नकार ते त्या सांगणार आणि मग बाबा कोल्हापूरला फोन करणार, असं ठरलं होतं.

“मनू, ऐक,” आत्या कुजबुजली. “आक्काला मेलेल्या माणसाची किती धास्ती आहे तुला ठाऊक आहे ना? सुतकाच्या घरावरनं रिक्षा गेली तरी ती अंघोळ करते. त्या प्रेतात ह्यांना ओळखलं तर संपलंच.” मग तव्याकडं बघत ती म्हणाली, “मला हा मुलगा आवडलाय. कळलं? इतकी मुलं बघितली, त्यांतला हा एकच आवडलाय.”

भाकरी करपली. आत्यानं भाकरी करपवलेली मी तोपर्यंत कधीच बघितली नव्हती.

मलाही आवडले होते ते. यशोधन वाळवेकर त्यांचं नाव. पाटबंधारे खात्यात नोकरी. पोहे खाताना त्यांनी आत्याला विचारलं होतं, “तुम्ही केलेत का?” आत्या म्हणाली, “नाही, वहिनीनं केलेत.” “मग तुम्ही काय करता?” “मी खाते.” त्यावर ते इतके हसले की पोहा नाकात गेला आणि मला पळत पाणी आणावं लागलं. पण नाटकांत काम करतो म्हणताना ‘हौस म्हणून’ एवढंच म्हणाले होते. मालिकेत मरतो, हे कुठं म्हणाले होते?

आणि नुसते एकदा मरून थांबले असते तर ठीक होतं. मालिकावाल्यांचं शूटिंग कोल्हापुरातच चाललं होतं आणि त्यांना न हलणारा माणूस मिळत नव्हता बहुतेक. एक चांगला सापडला, तर त्यालाच पुन्हा पुन्हा मारत होते. मिशी काढून, दाढी लावून, टक्कल चढवून.

तिसऱ्या डिस्कमध्ये दवाखान्यातल्या टेबलावर चादर ओढलेला माणूस दिसला. चादर खाली यायला लागली, तसा मी पुढं ढकलायचं बटण दाबलं. चादर, डॉक्टर, रणदिवे सगळे तुरुतुरु पळाले.

“अगं अगं! मेलाय कोण ते तर बघू दे!” आक्का ओरडल्या.

“कुणीतरी,” मी पुटपुटले.

“कुणीतरी काय? त्याला नाव नाही? आईबाप नाहीत?”

मी रिमोट झटकून, तो बिघडलाय असा चेहरा केला. आक्का म्हणाल्या, “करंट आला असेल. टाक खाली.”

चौथ्या डिस्कमध्ये ते टक्कल लावून जीपखाली सापडले. तेव्हा मी टीव्हीसमोर उभी राहून पडद्यावरची धूळ पुसली. लांबलचक पुसली. आक्का आईला म्हणाल्या, “शैला, तुझी पोरगी मुकी आहे पण कामसू आहे हो.” आई स्वयंपाकघराच्या दारात कणीक मळत उभी होती, तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला कळलं, हिलाही माहीत आहे.

अमावास्या सरली. दुसऱ्या दिवशी अंघोळ, देवपूजा करून आक्कांनी उशीखालचं पाकीट काढलं. बाबा समोर हात बांधून उभे. बाबा तालुक्याच्या शाळेत गणित शिकवायचे, अख्खी शाळा त्यांना घाबरायची, आणि ते आक्कांना घाबरायचे.

आक्कांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. छान फोटो होता. निळा शर्ट, मागं स्टुडिओतला पडदा, मान किंचित तिरकी.

“कपाळ मोठं आहे,” आक्का म्हणाल्या. “नाक सरळ आहे. बघतोय पण कसा, गरीब गाईसारखा. दत्तू, मला पसंत आहे रे.”

स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं. आई म्हणाली, “मांजर असेल, वन्सं.” आमच्याकडं मांजर नव्हतं.

“दुपारचा चहा झाला की फोन कर त्यांना,” आक्का म्हणाल्या. “मी पण बोलते विहीणबाईंशी. तोवर ती शेवटची डिस्क लाव गं मनवा. खुनी कोण ते कळलं की डोक्याचा ताप जाईल. मग शुभकार्याला मोकळी.”

मी जागची हलले नाही.

“लाव की.”

मी सगळा धीर गोळा केला आणि आक्कांशी आयुष्यातलं पहिलं लांब वाक्य बोलले. “ती डिस्क खराब आहे.”

“लावून बघितलीस?”

मी मान हलवली.

“मग?”

मला तेव्हा खोटं पुढं रेटता येत नव्हतं. लावली.

अर्धा तास सगळं बरं चाललं होतं. आक्कांच्या मांडीवर तो फोटो तसाच होता, बाबा पण बसले होते बघत. एक साखर कारखानदार गायब होतो, त्याची बायको रडत असते, रणदिवे बंगल्यात शिरतात. भिंतीवर कारखानदाराचा फोटो लावलेला असतो. कॅमेरा फोटोकडं सरकतो. फोटोला चंदनाचा हार. समोर उदबत्ती. आणि फोटोत निळा शर्ट, मागं स्टुडिओतला पडदा, मान किंचित तिरकी.

मी बटण दाबणार, तेवढ्यात डिस्क अडकली.

तशीच. हार घातलेला फोटो अख्ख्या पडद्यावर, हलेना की डुलेना. मी पुढं दाबलं, मागं दाबलं, बंद दाबलं. डिस्क नुसती आतल्या आत खर्रर करत राहिली.

आक्कांनी पडद्याकडं बघितलं. मांडीवर बघितलं. परत पडद्याकडं. मग मांडीवरचा फोटो दोन बोटांनी उचलून टीपॉयवर पालथा ठेवला, झुरळ ठेवावं तसा.

“दत्तू,” त्या हळू म्हणाल्या. त्या हळू बोलल्या की जास्त भीती वाटायची. “हा तोच फोटो.”

“असेल तसाच दुसरा...” बाबा म्हणाले.

“तोच! लग्नालाही तोच, मयतालाही तोच? हार घातलेला फोटो माझ्या अस्मीसाठी पाठवलाय त्यांनी?”

बाबांनी तो पालथा फोटो उलटून बघितला, टीव्हीकडं बघितलं आणि गणिताच्या मास्तरासारखं म्हणाले, “हार या फोटोला नाहीये, आक्का. त्या फोटोला आहे.”

“तू गप बस.”

आत्या दारात येऊन उभी राहिली. पांढरी पडली होती. “आक्का, नाटक आहे ते. हौस म्हणून...”

“तुला माहीत होतं?” आक्कांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग आईच्या कणकेकडं. “म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच ही पोरगी रोज माझ्यासमोर धूळ पुसत होती. अजून किती वेळा मेलाय तो?”

बाबा चष्मा पुसायला लागले.

“मनवा, किती वेळा?”

मी चार बोटं दाखवली.

“चार!” आक्कांनी डोळे मिटले. “आई गेली तेव्हा हिला माझ्या पदरात टाकून गेली. एवढीशी होती. हिचं कपाळ मोकळं झालेलं मला बघायचं नाही, दत्तू. नाही म्हणून कळव त्यांना. काय कारण सांगायचं ते सांग.”

आत्यानं पदर खोचला. ती वळली आणि मोरीत जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

बाबा फोनकडं गेले. त्यांनी पायजम्याला हात पुसले, चष्मा नीट केला, रिसीव्हर उचलला.

आणि मला आठवलं. म्हणजे खरं तर आठवलं असं नाही, तोंडातून बाहेरच पडलं.

“आक्का, पण अप्पाकाका तर जिवंत आहेत!”

सगळे वळले. मोरीतला नळ बंद झाला. माझा आवाज इतका मोठा असेल असं मलाही माहीत नव्हतं.

“त्यांचं काय आता मध्येच?” आक्का म्हणाल्या.

अप्पाकाका म्हणजे आक्कांचे यजमान. दोन वर्षांपूर्वी निपाणीला गच्चीवर मिरच्या वाळत घालताना त्यांच्या डोक्याला कावळा शिवला होता. कावळा शिवला की त्या माणसाचं काही खरं नाही. मग नातेवाइकांना कळवायचं, की हा गेला. खरं वाटून कुणीतरी रडलं की अरिष्ट टळतं. आक्कांनी आम्हाला फोन केला होता, “दत्तू रे, गेले रे तुझे भाऊजी!” आमच्या घरात जो आकांत झाला! बाबा भिंतीवर डोकं आपटून रडले. जीप करून आम्ही निपाणीला पोचलो, तर दारात अप्पाकाका भडंग खात उभे. “या या,” म्हणाले, “चहा टाकू?” बाबा उंबऱ्यावरच मटकन बसले होते.

“तुम्हीच म्हणाला होता,” मी म्हणाले. तोंड आता थांबतच नव्हतं. “एकदा रडून झालं की शंभर वर्षं बघायला नको. अप्पाकाकांसाठी आम्ही सातच जण रडलो. आणि ह्यांच्यासाठी अख्खा महाराष्ट्र रडलाय. चार वेळा! ह्यांना आता काय होणार आहे?”

बाबांनी रिसीव्हर खाली ठेवला.

आक्का विचारात पडल्या. खरंच पडल्या. मग मान हलवून म्हणाल्या, “तसं नसतं बाई. टीव्हीतलं रडणं ग्लिसरीनचं.”

“तुमचं कुठं ग्लिसरीनचं होतं? विहिरीपाशी तुम्ही पदर भिजवलात.”

“मी त्या मास्तरासाठी रडले. ज्याचं अरिष्ट, त्याच्याच नावानं रडावं लागतं.”

“आणि रडणाऱ्याला खोटं आहे हे माहीत नसावं लागतं,” आई दारातून म्हणाली. “माहीत असून रडलं तर लागू होत नाही. असं आमच्या माहेरी तरी आहे.”

“मला कुठं माहीत होतं!” बाबा एकदम म्हणाले. त्यांचा तो राग अजून गेला नव्हता. “कपाळाला टेंगूळ आलं होतं माझ्या.”

“म्हणून तर ते जगले,” आक्का म्हणाल्या. “तुझ्या टेंगळावर.”

“मग ह्यांच्यासाठी खरं कुणी रडलंय का, विचारूया,” मी म्हणाले.

“कुणाला विचारायचं?”

“त्यांनाच.”

बाबा म्हणाले, “असं काय विचारतात काय फोन करून? मी नाही विचारणार.” आई म्हणाली मी नाही. मोरीत भांड्यांचा आवाज वाढला. मग मीच माहितीचा कागद घेतला. वर ‘श्री गणेशाय नमः’, खाली नंबर. फोन फिरवला. आक्का म्हणाल्या, “ते मोठ्यानं ऐकू येतं ते दाब.” मी स्पीकरचं बटण दाबलं.

“हॅलो?” त्यांचाच आवाज.

“मी मनवा. गडहिंग्लजहून. अस्मीआत्याची भाची. मी पाणी आणून दिलं होतं, पोहा नाकात गेला तेव्हा.”

“हां हां! ती न बोलणारी!”

“तुम्ही मेलात ना,” मी म्हणाले, “तेव्हा तुमच्यासाठी कुणी खरं रडलं होतं का? ज्यांना खोटं आहे हे माहीत नव्हतं असं कुणी?”

पलीकडून जरा घाबरत, “कोण बोलतंय म्हणालात?”

मी पुन्हा नाव सांगितलं आणि मग सगळंच. अडकलेली डिस्क, फोटो, हार, कावळा, अप्पाकाका, भडंग. श्वास न घेता. बाबा माझ्याकडं असं बघत होते, जणू टीव्हीच बोलायला लागलाय. पलीकडून शेवटी आवाज आला, “थांबा, आईला देतो. पण जपून हं, तिच्यापुढं तो विषय काढला की ती...”

“कोण आहे रे? पुन्हा तो हाराचा विषय?” एक जाडसर बाईमाणसाचा आवाज आला. “हॅलो! कोण ते विचारतंय? अहो, ह्यानं मला मारायचं बाकी ठेवलं होतं! मी गारगोटीला भावाकडं गेलेली. ह्यानं घरात पत्ता लागू दिला नव्हता, की टीव्हीत काम केलंय. भावाच्या सुनेनं टीव्ही लावला, आणि समोर माझा लेक, हार घालून! मी बशी टाकली, कपाळ बडवलं, लोळले की हो अंगणात! गल्ली गोळा झाली. भावानं गाडी काढली, सगळे रडत निघालो. मध्येच एकाला सुचलं, घरी फोन करून बघा. फोन ह्यानंच उचलला! मला म्हणतोय, ‘आई, दूध तापवायला ठेवलंय, पटकन बोल.’”

आक्का सोफ्यावर पुढं सरकल्या. “मग तुम्ही काय म्हणालात हो?”

“काय म्हणणार? म्हटलं, मेल्या, मेलेली माणसं दूध तापवतात काय रे! आणि तो फोटो! लग्नासाठी म्हणून मी स्टुडिओत नेऊन काढलेला. हा त्यांना देऊन आला. एवढा एकच बरा येतोय त्याचा. बाकीच्यात डोळे मिटलेले असतात.”

“अंगणात लोळलात? खरोखर?”

“कोपर अजून दुखतंय, ताई. कोण बोलतंय आपण?”

“मी अस्मीची थोरली बहीण. निपाणीची.”

“अगं बाई! नमस्कार! गुडघा कसा आहे?”

आणि मग त्या दोघी गुडघ्यावरून कोपरावर, कोपरावरून रणदिव्यांवर, रणदिव्यांवरून मिरच्यांवर अशा निघाल्या की बाबांनी दोनदा घसा खाकरला. आक्कांनी फोनवर हात ठेवला, जणू त्यानं स्पीकर बंद होतो. “रडल्यात रे,” त्या म्हणाल्या. “मनापासून रडल्यात. ते लागू झालं.”

“मग?” बाबा म्हणाले.

आक्कांनी पडद्याकडं बघितलं. हार तसाच होता. “शास्त्र बरोबर आहे. पण मन धजत नाही, दत्तू. इतका कसा रे तो मेल्यासारखा मेला? जिवंत माणूस असा निपचित पडतो? चांगली लक्षणं नाहीत.”

“निपचित नाही पडले,” मोरीच्या दारातून आत्या म्हणाली.

तिच्या हाताला राख होती, पदर खोचलेला. “तिसऱ्या डिस्कमध्ये दवाखान्याचं टेबल आहे ना, मनूनं जे पळवलं. डॉक्टर चादर बाजूला करतात तेव्हा डावी पापणी हलते. एकदाच. अगदी जराशी.”

“तू कधी बघितलंस?” आक्कांनी विचारलं.

“दुपारी. तू झोपल्यावर. आवाज बंद करून.”

“आणि एकदा बघून तुला पापणी दिसली?”

आत्या पायाच्या अंगठ्याकडं बघायला लागली.

“एकदा नाही, वन्सं,” आई म्हणाली. “रोज. आधी मला वाटलं ही पण तुमच्यासारखी खुनी शोधतेय.”

आणि तेवढ्यात फोनमधून यशोधन वाळवेकरांचा आवाज आला, अगदी स्पष्ट. “हलली होती? डिरेक्टर म्हणाले, कुणालाच दिसत नाही!”

आत्यानं तोंडावर हात मारून घेतला आणि गालभर राख लागली.

“मनवा,” आक्का म्हणाल्या, “तिसरी लाव.”

“अडकलीये आधीची.”

“काढ! सुरी घाल, पिन घाल, काहीही कर!”

बाबांनी प्लेअर उचलून उलटा केला आणि गणिताच्या मास्तरांना न शोभणारी एक थाप दिली. डिस्क निघाली. मी तिसरी घातली. फोन टीपॉयवर तसाच चालू, त्यातून विहीणबाई विचारत होत्या, “लावलं का? दिसली की सांगा हं!” आम्ही पाचही जण टीव्हीपुढं वाकलो. आक्कांनी दोन चष्मे लावले, एकावर एक.

डॉक्टर आले. चादर सरकली. ते निपचित. दाढी, मिटलेले डोळे, पांढऱ्या पावडरचे गाल.

काही नाही.

“परत,” आक्का म्हणाल्या.

परत चादर सरकली. काही नाही. मी आत्याकडं बघितलं. ती बोटं घट्ट आवळून उभी होती. फोनमध्येही कुणी श्वास घेत नव्हतं.

“परत. हळू लाव.”

मी हळू लावलं. चादर इंच इंच खाली आली. डॉक्टरांची सावली चेहऱ्यावरून गेली. आणि डाव्या डोळ्याची पापणी, मुंगी चावल्यावर हलते ना, तश्शी हलली.

“हलली!” आक्का ओरडल्या.

“हलली!” बाबा ओरडले.

“हलली, हलली!” आई कणकेच्या हातांनी टाळ्या वाजवायला लागली, मी सोफ्यावर उड्या मारायला लागले, आणि फोनमधून विहीणबाई, “काय हो? हलली का? अरे ह्या सगळ्या ओरडतायत, हलली वाटतं!”

पोवारकाकू धावत दारात आल्या. “काय झालं? कोण गेलं?”

“कुणी गेलं नाही!” आक्का गुडघ्याचा पट्टा विसरून ताठ उभ्या राहिल्या होत्या. “जिवंत आहे! आमचा जावई जिवंत आहे! शैला, साखर आण!”

पोवारकाकूंनी काही न कळता साखर खाल्ली. आई सगळ्यांच्या तोंडात चिमूट चिमूट घालत फिरली. आत्याच्या तोंडात घातली तेव्हा आत्या रडत होती की हसत होती, राखेमुळं कळलंच नाही.

टीपॉयवरून बारीक आवाज आला, “म्हणजे... होकार समजायचा का?”

“समजायचा!” आक्का फोनवर वाकून गरजल्या. “पण एक सांगून ठेवते, जावईबापू. लग्न लागेपर्यंत मरायचं नाही.”

“नाही मरत. आणि नंतर?”

आक्कांनी आत्याकडं बघितलं, पदरानं तिच्या गालावरची राख पुसली आणि रिसीव्हर उचलून तिच्या हातात दिला.

“नंतर हिला विचारून.”